फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली असे नव्हे

महोदय,

महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेवर कोणते मलम लावावे, याची चौकशी सगळेच करतात. ती जखम धुवायची कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वडिलांच्या घोट्याजवळच्या जखमेवर आम्ही सात महिने हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत होतो आणि पांढरा फेस उसळला की घाण निघाली, असे समजत होतो. प्रत्यक्षात तो फेस पेशींतील कॅटलेज या विकरामुळे सुटणाऱ्या ऑक्सिजनचा असतो आणि त्या द्रावणाने नव्याने वाढू पाहणाऱ्या पेशींनाही इजा होते. स्पिरिटचेही तसेच.

जुन्या जखमेच्या तळाशी बुळबुळीत पिवळसर थर दिसतो, तो बहुधा मृत ऊतींचा असतो. तिथे जंतू स्वतःभोवती चिकट आवरण, म्हणजे बायोफिल्म, तयार करून राहतात आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांना सहसा दाद देत नाहीत. म्हणून ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक सलाईनची सिरिंजने धार सोडून जखम धुणे आणि मेलेला भाग प्रशिक्षित हातांनी काढणे (यालाच डिब्रीडमेंट म्हणतात) ही दोन्ही कामे लागतात. ती एकदा करून भागत नाही, कारण बायोफिल्म काही दिवसांतच पुन्हा धरते.

जखम उघडी ठेवून वाळवावी, हा समजही आम्ही बाळगला होता. वाळलेले गॉज ओढताना त्याला चिकटलेली कोवळी गुलाबी त्वचा रक्तासह निघून येई आणि वडील डोळे घट्ट मिटून घेत. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरील प्रयोगांत दाखवले होते, की दमट राखलेल्या जखमेवर त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरते.

मात्र प्रत्येक खपली काढायचीच, असेही नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट, काळी खपली पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय काढली, तर आतली जखम उघडी पडून वाढत जाण्याचा धोका असतो. घोट्यावरचा आणि दंडावरचा रक्तदाब ताडून पाहण्याची साधी तपासणी त्यासाठी असते. मधुमेह्यांत ती फसवी ठरू शकते, म्हणून निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावा.

आम्हाला घरी पाठवताना कागदावर ‘रोज ड्रेसिंग’ एवढेच लिहिले होते. पुढे एका परिचारिकेने शेजारी बसवून, माझ्या हातात सिरिंज देऊन, एकदा सारे करून घेतले. प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना ही एक वेळ मिळावी, एवढीच वैद्यकीय व्यवस्थेकडे कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक