'नाही' येईपर्यंत थांबा

महोदय,

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. 'मला त्याचा राग येतो असं नाही' हे वाक्य 'येतो'पाशी तोडलं की अर्थ उलटा होतो. आणि दुसऱ्याचं ऐकताना आपण नेमकं तिथेच तोडतो.

यात उद्धटपणापेक्षा घाई जास्त असते. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून निघायला मात्र सुमारे ६००. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. 'नीट ऐकायचं' असं नुसतं ठरवून ही सवय जात नाही. वाक्य संपलं की मनात 'एक, दोन' मोजावं, मग बोलावं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत असंच थांबणं तपासलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं कमी झाली.

थांबल्यावर बोलायचं काय, इथेही गफलत होते. 'नवे साहेब आल्यापासून झोप लागत नाही,' असं कुणी म्हणालं, तर 'अच्छा, झोप लागत नाही' ही पोपटपंची. 'साहेब कुठले?' म्हणजे विषयाला फाटा. 'माझंही अगदी असंच झालं होतं' हे सगळ्यात वाईट, कारण सहानुभूती दाखवता दाखवता आपण बोलणंच हिसकावून घेतो. 'रात्री डोक्यात काय घोळत असतं?' असं विचारलं की माणूस पुढे बोलतो. 'का' मात्र जपून वापरावा, तो जाब विचारल्यासारखा लागतो.

डोळ्यांत डोळे घालून बसायची गरज नाही. अवघड गोष्टी शेजारी शेजारी चालताना उलट सहज निघतात. फोन उलटा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. वेळ नसेल तर 'आत्ता माझं लक्ष लागणार नाही, साडेनऊला बोलू' असं सरळ सांगावं, आणि साडेनऊला विषय आपणच काढावा.

घरातलं कुणी सारखं 'काय?' विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर कदाचित लक्ष जागेवर असेल आणि कानच कमी ऐकत असतील. कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्यावी. तोवर मागून ओरडू नये. समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असं उभं राहून बोलावं.

– एक समुपदेशक