सीमेवर कुणाची पोरं जातात?

मा. संपादक,

पुण्यात एनडीए (सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) आहे, दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून जवान म्हणून भरती झालेला एकही मुलगा माझ्या ओळखीत नाही. अधिकारी होतात काही जण, त्याचा अभिमानच आहे, पण साधा शिपाई होतो तो माण-खटावचा, जिथं शेतीला पाणी नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, पिढ्यान्पिढ्या तिथनं पोरं सैन्यात गेलीत. देशप्रेम आहेच हो त्यांच्यात, पण दुसरे पर्याय कमी असतात हेही खरंय आणि हे बोललं की लोकांना राग येतो.

२०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, तिच्यातून भरती झालेल्याला अग्निवीर म्हणतात. ४ वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार त्यातले हातात २१ हजार, शेवटी सेवानिधी म्हणून एकरकमी ११.७१ लाखांच्या आसपास, पेन्शन नाही, आणि कायम होणार फक्त २५ टक्क्यांपर्यंत. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे त्याचं निभेल, पण ज्याच्या घरी पेन्शनच्या भरवशावर पोराला पाठवायचे त्यांनी काय करायचं?

आणि ड्युटीवर अग्निवीराचा मृत्यू झाला तर विम्याचे ४८ लाख मिळतात पण घरच्यांना नेहमीच्या जवानासारखी फॅमिली पेन्शन नाही. गोळी दोघांना सारखीच लागते. निदान एवढा फरक तरी सरकारने ताबडतोब काढावा, आणि आपल्या खासदारांनी संसदेत हे लावून धरावं.

– एक वाचक, कोथरूड, पुणे