प्लग बिघडलेला नसतो

महोदय,
आवाजी आज्ञेवर चालू-बंद होणारे स्मार्ट प्लग घरच्या वायफायला जोडले गेले नाहीत की ग्राहक ते सदोष समजून परत करतात. दोष बहुधा राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. बहुतेक स्वस्त प्लग वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतात. राउटरवर मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना अनेकदा एकच नाव आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर; मग जोडणी फसते. जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करावा, राउटरमध्ये वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ या प्रकारची ठेवावी, मग प्लगचा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरावे. एवढे तरी खोक्यावर मराठीत छापायला काय हरकत आहे?

दुसरे, या प्लगना आज्ञा पोहोचवणारा स्मार्ट स्पीकर ‘अलेक्सा’सारखी हाक स्वतः ओळखतो. पुढचे वाक्य बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. इंटरनेट गेले की आज्ञा थांबली. घरात वृद्ध असतील तर भिंतीवरचे साधे बटण कृपया काढू नका.

– एक वाचक, पुणे