न पटणारा कायदा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हेल्मेटसक्तीवरून बोलताना तुम्ही विचारलेत की जो कायदा बुद्धीला पटत नाही, तो नागरिकाने का पाळावा. गांधीजींनीही कायदे मोडलेच होते. प्रश्न मोठा आहे, म्हणून सवडीने लिहिते आहे.

मला महाड आठवते. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह ते पाणी प्यायले. डिसेंबरमध्ये माणसे पुन्हा सत्याग्रहासाठी जमली, तोवर तळे खासगी असल्याचा दावा करून विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. जमलेली माणसे तुरुंगात जायला तयार असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. मात्र डिसेंबर १९२७ च्या त्याच परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले होते. ज्या संहितेपुढे दादच मागता येत नव्हती ती त्यांनी जाळली आणि जिथे आपली बाजू मांडता येत होती त्या न्यायालयाचा हुकूम, न पटताही, पाळला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी हेच सांगितले, की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून दिले पाहिजेत.

गांधीजींनी कायदे मोडले ते परक्या सरकारचे, आणि उघडपणे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात त्यांनी राजद्रोहाचा आरोप कबूल करून कठोरात कठोर शिक्षा मागितली, आणि त्यांना सहा वर्षांचा कारावास झाला. तुमच्या मानेचे दुखणे खरे आहे, बाबा, पण हेल्मेटचा नियम संसदेने केलेल्या कायद्यातला आहे. तो बदलावा यासाठी निवेदन द्या, खासदारांना भेटा, न्यायालयात जा. अगदीच मन मानत नसेल तर उघडपणे मोडून दंड भरा. पोलीस दिसताच गल्लीत गाडी वळवणाऱ्याला कायदा बदलायचा नसतो, फक्त दंड चुकवायचा असतो. शिवाय अपघात झालाच, तर त्याचा भार आईवरही पडेल.

एका ठिकाणी मात्र माझा हा युक्तिवाद थांबतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंधही सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्यात ते गुन्ह्यातून वगळले. हेल्मेट घालून माणूस आपले आयुष्य पूर्वीसारखेच जगतो. त्या कायद्याने मात्र माणसाने आपले प्रेमच सोडावे, अशी अपेक्षा केली होती. न्यायालयाचे दार उघडे होते, हे खरे. तरीही निकाल लागेपर्यंत कायदा पाळा, असे त्या माणसांना सांगण्याचा अधिकार मला किंवा इतर कोणालाही होता असे मला वाटत नाही.

प्रकृतीस जपावे.

तुमची,
लेक