भिंगाच्या कडीवरची पेन्सिलीची खूण

आदरणीय काका,
सा. न.

हेलियम ६० टक्के, कार्बन टेट्राफ्लोराइड ४० टक्के. या वायूत इलेक्ट्रॉन किती पसरतात ते मोजताना आकडे का फसत होते, हे तुम्ही एका दुपारी दाखवून दिलंत. म्हणून हे पत्र.

कॅमेऱ्याला इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. जीईएम म्हणजे विद्युतदाब दिलेली, बारीक छिद्रांची पातळ फॉइल; तिच्या ७० मायक्रॉनच्या छिद्रांत त्यांचा लोंढा होतो, वायू ६२० नॅनोमीटरच्या आसपास लालसर उजळतो आणि तो ठिपका चित्रात उतरतो. ठिपक्याच्या रुंदीत वायूचा वाटा असतो, तसा जीईएमचा आणि भिंगाचाही. समजा वायूचा पसारा १ सेंटिमीटरला १३० मायक्रॉन आहे आणि इलेक्ट्रॉनांनी कापलेल्या अंतराच्या वर्गमुळाने वाढतो. बाकीच्यांचा वाटा ३०० मायक्रॉन. रुंदींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं, तर १ सेंटिमीटरवर ठिपका ३२७ मायक्रॉनचा, १६ वर ६००चा. अंतराच्या वर्गमुळाने नुसतं भागलं की पसारा एकदा ३२७ येतो, एकदा १५०. वायू तोच!

आधी जुळणी करून देणाऱ्यांनी फोकस जीईएमऐवजी वायूच्या चेंबरच्या काचेवर लावला होता. विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होईल. ०.९५ छिद्रमानाच्या, म्हणजे फार उथळ फोकसच्या भिंगाला अशी चूक पेलत नाही, आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मिलिमीटरच्या आलेखकागदाची बोटभर पट्टी घेतलीत. कडांना टेप लावलीत, कारण कागदाचा एक तंतू छिद्रात अडकला तरी ठिणगी पडून फॉइल जाते. पट्टी चौकटीला चिकटवलीत, फॉइलला न टेकवता. मग काचेचं झाकण परत बसवलंत: ३ मिलिमीटरची काच फोकस सुमारे १ मिलिमीटर सरकवते. बॅटरी तिरकी धरून, रेघा धारदार होईपर्यंत कडी फिरवलीत आणि पेन्सिलीने खूण केलीत. त्याच चित्रातून मापही मिळालं: १०० मिलिमीटरला २०४८ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला ४९ मायक्रॉन. हे काम तुमच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. शोधनिबंधात तुमचं नाव येणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

आता रुंदीचा वर्ग अंतरासमोर मांडला की रेष सरळ येते. तिचा चढ वायूचा, उरलेलं जीईएम आणि भिंगाचं.

काका, मनापासून आभार. ती खूण पुसलेली नाही. झाकण उघडलं की आधी कडी तिच्याशी जुळते का ते बघतो, मगच वायू सोडतो.