सहकारी संस्थांची संगणक प्रणाली पुढे सांभाळणार कोण?

महोदय,

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि अलीकडे त्यांच्या विषयपत्रिकेवर ‘नवीन संगणक प्रणाली घेण्यास मंजुरी’ हा विषय अनेकदा असतो. चर्चा झालीच तर प्रणाली जावा या प्रोग्रामिंग भाषेत आहे की मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्लॅटफॉर्मवर (म्हणजे प्रोग्राम ज्यावर लिहिले आणि चालवले जातात त्या पायावर), आणि दोन्हींतली आधुनिक कोणती, एवढ्यावर ती थांबते. बँकांच्या प्रणालींच्या देखभालीत नोकरीचा मोठा काळ घालवलेला माणूस म्हणून मला वाटते की आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हिशेबाची प्रणाली एकदा बसली की पंधरा-वीस वर्षे सहसा बदलली जात नाही. तेव्हा विक्रेता उद्या बाजूला झाला, तर ती चालवणारे दुसरे कोण मिळेल, हे पाहूनच भाषा आणि प्लॅटफॉर्म ठरवले पाहिजेत.

आपल्याकडच्या अनेक पतसंस्थांचे आणि लहान बँकांचे हिशेब एके काळी फॉक्सप्रोवर आणि पुढे व्हिज्युअल बेसिक ६ वर, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या तेव्हाच्या साधनांवर, चालत. दोन्ही साधने शिकायला सोपी होती आणि तालुक्याच्या गावातला एखादा हुशार मुलगाही त्यांत पिग्मी ठेवींचा प्रोग्राम लिहू शकत असे. पण दोन्हींची मालकी एकट्या मायक्रोसॉफ्टकडे होती. २००२ मध्ये कंपनीने डॉट नेट आणले, तेव्हा त्यातले व्हिज्युअल बेसिक जुन्यापेक्षा इतके वेगळे निघाले की जुन्या प्रोग्रामांचा मोठा भाग नव्याने लिहिण्याची वेळ आली. व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकास-साधनांना कंपनीकडून मिळणारा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि मदत, २००८ मध्ये संपला आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये. याउलट १९५९ मध्ये जिची आखणी सुरू झाली ती कोबोल ही भाषा अजून जगभरातल्या बँकांत चालते, कारण तिचे प्रमाणित रूप जाहीर होते आणि अनेक कंपन्यांनी तिचे कम्पायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारी साधने, बनवले. तरीही एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. भाषा टिकली, पण ती जाणणारी माणसे निवृत्त झाली.

आज जावा घ्यावी की डॉट नेट, याचे माझे उत्तर असे की दोन्ही चालतील, मात्र कोणती आवृत्ती आणि कोणाकडून, हे निविदेत स्पष्ट हवे. जावाची मालकी असलेल्या ओरॅकल कंपनीने जानेवारी २०१९ नंतर जावा ८ ची सुधारित रूपे व्यावसायिक वापरासाठी सशुल्क केली आणि २०२३ पासून परवान्याचा नवा दर संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर बांधला. ज्यांनी प्रणाली ओपनजेडीकेवर, म्हणजे जावाच्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) रूपावर, चालवून घेतली होती त्यांना याची झळ बसली नाही, कारण ते रूप रेड हॅट, ॲमेझॉन, अझुल अशा अनेक कंपन्यांकडून मिळते. डॉट नेटबाबत विचारायचे ते असे, की प्रणाली जुन्या, फक्त विंडोजवर चालणाऱ्या डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर आहे की लिनक्सवरही चालणाऱ्या नव्या, मुक्तस्रोत डॉट नेटवर. जुन्यातले वेब फॉर्म्स, म्हणजे वेबपाने बनवण्याची तिथली पद्धत, नव्यात आलेलेच नाहीत. त्यांवर बांधलेली प्रणाली आज ‘नवीन’ म्हणून विकत घेणे म्हणजे रस्ता बंद झाल्यावर त्याच रस्त्याकडेला दुकान मांडणे आहे. पायथन या भाषेला काही सल्लागार नाक मुरडतात, पण मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत व्यवसाय-प्रणाली पायथनमध्येच आहे. मला खरी भीती वाटते ती विक्रेत्याने घरी बनवलेल्या, बाहेर कोणालाच ठाऊक नसलेल्या ‘आमच्या स्वतःच्या फ्रेमवर्क’ची, म्हणजे प्रणालीच्या तयार सांगाड्याची.

पैशांच्या हिशेबासाठी दशांश प्रकार वापरला आहे ना, हेही विचारावे. संगणक एरवी वापरतो त्या द्विमान (फक्त ० आणि १ यांच्या) अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि हजारो खात्यांवर व्याज आकारल्यावर तेरजेत पैशांचा फरक निघतो. जावात बिगडेसिमल आणि डॉट नेटच्या सी शार्प भाषेत डेसिमल हे प्रकार यासाठीच आहेत; प्रोग्रामरने ते वापरले पाहिजेत, इतकेच.

ज्याकडे निविदांत सहसा कोणाचेच लक्ष जात नाही, ती बाब सभासदांच्या मराठी नावांची आहे. पूर्वीच्या बहुतेक प्रणालींनी ही नावे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांत, न ठेवता त्या त्या फॉन्टच्या खासगी संकेतांत ठेवली. फॉन्ट काढला की नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात आणि सभासद-नोंदवही नव्या प्रणालीत नेताना महिनोन्महिने दुरुस्त्या चालतात. नव्या प्रणालीतही धोका टळलेला नसतो. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत (अक्षर, काना-मात्रा किंवा हलंत) तीन बाइट जागा घेतो. ‘लक्ष्मीबाई’ या नावात असे दहा संकेत आहेत, म्हणजे तीस बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी, वेगळे सांगितले नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. त्यामुळे इंग्रजी नावांचा विचार करून तीसचा रकाना ठेवला, तर लक्ष्मीबाईंचे आडनाव बाहेरच राहते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये मजकुराच्या नेहमीच्या व्हारचार रकान्यात मराठी नाव भरले की प्रश्नचिन्हे उमटतात. तेथे सहसा युनिकोडसाठीचा एनव्हारचार हा प्रकार लागतो. हे प्रोग्रामरला एका दिवसात सांगता येते, पण लाखभर नोंदी भरून झाल्यावर दुरुस्त करणे फार महाग पडते.

व्याजाचे, दंडाचे आणि थकबाकीचे सगळे नियम डेटाबेसच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच लिहिलेल्या प्रोग्रामांत, कोंबलेले असतील, तर भाषा कितीही खुली असली तरी संस्था त्या एका डेटाबेसच्या परवान्याला बांधली जाते. हे नियम कोठे लिहिले आहेत, ते लेखी मागावे.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँकांसाठी काढलेल्या निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम, विक्रेत्याकडून घ्यावा आणि ते शक्य नसेल तर तो एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, ठेवावा असे म्हटले आहे. सहकारी बँका आणि पतसंस्थांनी हा नियम आपणहून लावून घ्यायला हरकत नाही. मात्र ठेवलेला कोड विक्रेत्याबाहेरच्या माणसाकडून एकदा कम्पाइल करून पाहिला पाहिजे. निवडीआधी आपल्या सभासद-नोंदवहीतली जोडाक्षरांनी भरलेली शंभर नावे आणि एका शाखेचे मागच्या मार्चअखेरचे व्याज प्रत्येक इच्छुक विक्रेत्याकडून त्याच्या प्रणालीत करून घ्यावे, आणि निकाल संचालक मंडळापुढे ठेवूनच सभेत मंजुरी मागावी.

– एक निवृत्त संगणक प्रणाली विश्लेषक, सांगली