माझं दृढीकरण कुठं झालंय?

गुरुवार पेठ, पुणे

प्रिय मित्रा,
सलाम.

फोनवर बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहायला बसलोय. तू चर्चचा पाळक आहेस, पण हे दोस्त म्हणून वाच.

मावसबहिणीच्या आजाराला डॉक्टरांनी अखेर नाव दिलं: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. १९९४ च्या आधी याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे. स्किझोफ्रेनिया वेगळा, हे घरात सांगून सांगून तोंड दुखलं. लहानपणी सोसवेना असं काही घडलं की मनाची वाटणी होऊ शकते. तिच्यातल्या एकीला आठवतं ते दुसरीच्या गावीही नसतं. एरवी बिनसाखरेचा चहा घेणारी ती परवा तीन चमचे साखर घालून, बशीत ओतून प्यायली. मग बारीक आवाजात म्हणाली, "दादा, मी सात वर्षांची आहे. माझं दृढीकरण कुठं झालंय? मी प्रभुभोजनाला कशी येऊ?"

बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा तो विधी तिच्यातल्या सात वर्षांच्या पोरीला ठाऊकच नाही, मग भाकर-द्राक्षारसाच्या भोजनाला यायचं कसं, असं तिला वाटलं. तू काय सांगितलं असतंस? मतांगीकारात, विश्वासाच्या त्या कबुलीत, 'एकच बाप्तिस्मा' म्हणतो आपण. पाणी पडलं ते कपाळ एकच, पण 'मी' म्हणणाऱ्या किती? एकीच्या रागाची क्षमा दुसरीनं मागितली तर चालते का? स्वप्नातला मी तो मीच का, असं संत ऑगस्टिननं देवाला विचारलं होतं. इथं तर ती जागी असते. तत्त्वज्ञ जॉन लॉकचं ऐकून ओळख आठवणीवर टांगली, तर ही एक माणूस उरतच नाही, आणि आपली विसरभोळी आजीही नाही. मला बायबलातलं स्तोत्र १३९ बरं वाटतं: देव तिला ओळखतो, तिला स्वतःची ओळख पटो न पटो. त्र्यैक्याची, म्हणजे तिघांत एकच देव ही, उपमा मात्र देऊ नकोस. एकानं दिली, मी उठून गेलो.

प्रार्थनागटातल्या एका बाईंनी मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, येशू 'सैन्य' नावाची भुतं काढतो तो, उघडून तिच्यातलं 'सैन्य' घालवायला घेतलं. पोर दोन दिवस पलंगाखालून निघाली नाही. अरे, तिथं येशू नाव तरी विचारतो! बाईंनी तेवढंही केलं नाही. ज्यांना त्या भुतं म्हणत होत्या, त्यांनीच तिला लहानपणी तगवलं. डॉक्टर त्यांना हाकलत नाहीत, एकमेकींशी बोलतं करतात.

रविवारी पंचहौदच्या देवळात ती माझ्यामागोमाग पुढं आली. पाळकसाहेबांनी काही न विचारता हातावर भाकर ठेवली. जागेवर परतल्यावर तिनं पाणी मागितलं. आवाज कोणाचा होता, मला ओळखता आलं नाही.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा घरीच उतर. आणि तिला आधी नाव विचार.

तुझाच,
दादू